तेवीस नंबरवरची फाइल

“मॅडम, माझा पासवर्ड लागेना झालाय.”

सर्व्हर रूमच्या दारात अश्लेषा पोवार उभी होती. तिसऱ्या वर्षाची, कॉम्प्युटर शाखेची. हातात धुतलेला डबा, त्यातून पाण्याचे थेंब फरशीवर पडत होते. दोन वाजायला आले होते. मी एसीच्या गळतीखाली बादली सरकवत होते.

“विसरली असशील.”

“नाही हो मॅडम. सकाळी पहिल्या तासाला तोच लागला होता.”

“कॅप्स लॉक बघितलंस?”

“बघितलं. दोन मशीनवर बघितलं.”

असे रोज तीन-चार जण यायचे. मी खुर्ची ओढली, तिच्या नावावर नवा पासवर्ड घालून दिला आणि म्हटलं, “आत जाऊन आधी बदल हा. आणि आता तरी लक्षात ठेव.” ती “विसरले नव्हते” असं काहीतरी पुटपुटत गेली. अशा कामाची वहीत नोंद करायची, असा माझाच नियम होता. ती केली नाही. बादली भरत आली होती.

या गोष्टीला सतरा वर्षं झाली. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, एका उघड्या माळावर ते खासगी अभियांत्रिकी कॉलेज होतं. नाव सांगत नाही. मी चारुता हेरवाडे, सव्वीस वर्षांची, तिथं सिस्टीम बघायचे. दोन वर्षं झाली होती आणि पुढच्या सोमवारी कायम नेमणुकीची मुलाखत होती. इचलकरंजीत घरी आईनं दोन स्थळं अडवून धरली होती, “एकदा कायम होऊ दे तिला, मग बोलू” म्हणून. आई माझ्या बाजूनं होती म्हणून नोकरी होती, नाहीतर दादानं कधीच निकाल लावला असता.

मी येण्याआधी प्रयोगशाळेत साठ मशीन होती आणि साठ तऱ्हा. प्रत्येक मशीनवर वेगळा पासवर्ड, कुणाची फाइल कुठं कुणालाच ठाऊक नाही. मी सगळ्यांवर लिनक्स घातलं आणि एका सर्व्हरला जोडलं. प्रत्येकाला एक नाव, एक पासवर्ड. कुठल्याही मशीनवर बसा, तुमच्या फाइलींची खोली तुमच्यासाठी उघडते. आमचे विभागप्रमुख चौगुले सर आधी हसले होते. नंतर संस्थेच्या बैठकीत त्यांनीच ते “आपला प्रकल्प” म्हणून मांडलं. मला त्याचं काही वाटलं नाही. साठ मशीन एका सुरात चालत होती, ते सुख वेगळंच होतं.

या सगळ्याच्या मुळाशी एक मुख्य पासवर्ड होता. तो ज्याच्याकडे असेल त्याला कुणाचाही पासवर्ड बदलता येईल. म्हणजे कुणाच्याही नावानं आत शिरता येईल. तो माझ्या डोक्यात होता, प्राचार्यांच्या कपाटात लाखबंद पाकिटात होता, आणि प्रत्येक मशीनवर एका लहानशा फाइलीत होता, कारण मशीनला सर्व्हरशी बोलायला तो लागायचा. ती फाइल फक्त मशीनच्या मालकाला, म्हणजे मला वाचता यावी अशी बंद करून ठेवायची असते. आज कुणी अशा फाइली मशीनवर ठेवतही नाही. तेव्हा ठेवायचो.

चार वाजता चौगुले सर हातात कागद घेऊन आले. मागं दारात दोन-तीन प्राध्यापक.

“हे वाचलंत?”

कॉलेजच्या आतल्या मेलवरून सगळ्या विभागाला गेलेला मजकूर होता. देशिंगकर मॅडमबद्दल. त्या दिवाळीनंतर रुजू झालेल्या, लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. मजकूर काय होता ते मी इथं सांगणार नाही. वाचून माझे कान तापले. खाली पाठवणाऱ्याचं नाव: अश्लेषा पोवार.

“मॅडम स्टाफरूममध्ये रडतायत,” सर म्हणाले. “नाव तर दिसतंय. पण उद्या पोरगी म्हणेल मी नव्हतेच. तुमची सिस्टीम काय सांगते ते कागदावर द्या.”

मी नोंदी काढल्या. दोन मिनिटं लागली असतील. अश्लेषा पोवार, मशीन क्रमांक तेवीस, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. प्रिंट काढून दिली.

“संपलं,” सर म्हणाले. “पूर्वी असलं काही झालं की महिनाभर नुसते तर्क चालायचे. बघा, दोन मिनिटांत.” मागच्यांनी मान डोलावली. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी बरं वाटलं. माझं काम काय असतं ते लोकांना दिसलं, असं वाटलं.

ते गेल्यावर मी बादली उचलली आणि तशीच उभी राहिले. सकाळी लागलेला पासवर्ड दुपारी दोनला लागत नव्हता. मग एक वाजून दहा मिनिटांनी तो कुणाला लागला?

बादली खाली ठेवून मी सर्व्हरच्या नोंदी पुन्हा उघडल्या, आता नीट, मागून पुढं. बारा बावन्नला अश्लेषाचा पासवर्ड बदलला होता. बदलणाऱ्याच्या जागी तिचं नाव नव्हतं. मुख्य पासवर्ड वापरून बदलला होता. मशीन तेवीसवरून. बारा बावन्नला मी कॅन्टीनमध्ये उप्पीट खात होते.

मी प्रयोगशाळेत गेले. पाच वाजले होते, पोरं बसकडे पळाली होती. सुतारमामा एकेक मशीन बंद करत ओळीनं येत होते. बाळकृष्ण सुतार, प्रयोगशाळा सहायक, वय पंचेचाळीसच्या आसपास. आयटीआयचे इलेक्ट्रिशियन. माऊस हातात धरायला बिचकणारा हा माणूस दोन वर्षांत माझ्या शेजारी बसून लिनक्सच्या आज्ञा शिकला होता, खिशातल्या डायरीत मराठी अक्षरांत लिहून.

“काय शोधताय मॅडम?”

“काही नाही. जरा बघतेय.”

तेवीस नंबरची डिस्क सोमवारी गेली होती. मामांनी नवी डिस्क बसवली आणि मी घाईघाईत सगळं परत घातलं होतं, कारण बाराच्या बॅचला मशीन हवं होतं. मी ती फाइल शोधली. नावाच्या आधी अक्षरांची एक ओळ येते, कुणाला वाचता येईल ते सांगणारी. ओळीच्या शेवटी ‘आर’ होता. म्हणजे रीड, कुणालाही वाचता येईल. सोमवारपासून गुरुवारपर्यंत त्या खुर्चीवर बसलेल्या कुणीही ती फाइल उघडली असती तर सबंध कॉलेजच्या किल्ल्या समोर पडल्या होत्या.

मी ठरवून केलं नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. एक ओळ टाइप केली आणि ‘आर’ नाहीसा झाला. मागं मामा उभे होते, हातात पुसायचं फडकं.

“उघडी ऱ्हायली होती व्हय?”

“मामा, बंद केली आता.”

“ते बघितलं.” ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. “मग त्या पोरीचं काय? पोवारच्या?”

“उद्या बघू.”

“सांगायला लागंल की सरांस्नी.”

“मामा, उद्या बघू म्हटलं ना.”

त्यांनी तेवीस नंबरचा पडदा पुसला, शेजारचा पुसला आणि पुढं गेले.

फाइल बंद करून भागणार नव्हतं, हे मला माहीत होतं. ज्यानं मुख्य पासवर्ड वाचला त्याच्याजवळ तो होताच. तो ताबडतोब बदलायला हवा होता, सर्व्हरवर आणि साठही मशीनवर. अर्ध्या दिवसाचं काम. पण प्रयोगशाळा बंद ठेवून ते करायचं तर चौगुले सर विचारणार, का? म्हणून मी ते केलं नाही. खोलीवर गेले, जेवले नाही, सकाळी साडेसातला परत येऊन सर्व्हरपुढं बसले आणि नोंदींच्या ओळी वर सरकताना बघत राहिले. कुणाचाही पासवर्ड बदलला की मी खुर्चीतून उठायचे, मग कळायचं की ज्याचा त्यानंच बदललाय. मनात हिशेब चालू होता. सोमवारी मुलाखत. सोमवारनंतर सांगितलं तर? मुलीला काय, ताकीद देतील. फार तर माफीपत्र. मी नंतर चौगुले सरांना शांतपणे समजावीन. नऊच्या सुमाराला मामा चहा ठेवून गेले. रोज बसायचे, त्या दिवशी बसले नाहीत.

अकरा वाजता प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं. इनामदार सर मधे, चौगुले सर शेजारी. समोर अश्लेषा, तिच्या बाजूला तिचे वडील. ते एसटीत वाहक होते, आजऱ्याकडच्या फेरीवरून थेट आले होते. खाकी कपडे, खांद्याला तिकिटांची पेटी. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

चौगुले सरांनी मजकूर मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. इनामदार सरांनी हात वर केला. “राहू द्या. वडील आहेत समोर.”

“मी नाही पाठवलं सर,” अश्लेषा म्हणाली. आवाज बसला होता. “मी एक वाजता मेसमध्ये डबा खात होते. मेसमधल्या मावशींना विचारा.”

“मेसमध्ये दोनशे पोरं असतात.”

“माझा पासवर्ड लागत नव्हता दुपारी. मी मॅडमकडे गेले होते. मॅडम, आले होते ना मी?”

सगळे माझ्याकडे वळले.

“आली होती,” मी म्हटलं. “दोनच्या सुमाराला.”

“म्हणजे मेल गेल्यावर,” चौगुले सर म्हणाले. “करून सवरून झाल्यावर पासवर्ड लागत नाही म्हणून सांगायला जायचं. हुशार आहे पोरगी.”

अश्लेषा वडिलांकडे वळली.

तेवढ्यात सुतारमामा प्रयोगशाळेचं हजेरी रजिस्टर घेऊन आले. कोण कुठल्या मशीनवर बसलं त्याच्या सह्या त्यात असायच्या. चौगुले सरांनी पान उलटलं. तेवीस नंबरपुढं बारा चाळीसला एका मुलाची सही होती. त्याच वर्गातला. सुटल्याची वेळ एक. त्यानंतर कोरं.

“इथं अश्लेषाची सही नाही,” इनामदार सर म्हणाले.

“चोर सही करून बसतो का सर? तो मुलगा एकला उठला, ही बसली.” चौगुले सरांनी माझी प्रिंट पुढं सरकवली. “हे मशीन सांगतंय. मशीनला कुणाशी वैर नसतं.”

वडिलांनी तो कागद हातात घेतला, उलटा-सुलटा बघितला.

“साहेब, मला ह्यातलं काय कळत न्हाई. ह्ये नाव हितं लिवलंय, म्हंजे ही तिची सही हाय का?”

“सहीच समजा,” चौगुले सर म्हणाले.

“सही तर कोण बी मारतंय साहेब. आमच्यात वेबिलावर, तिकिटांच्या हिशेबाच्या कागदावर बी मारत्यात.”

“ही तशी सही नसते. ही फक्त तिलाच करता येते. पासवर्ड असतो.”

वडिलांनी कागद परत ठेवला. इनामदार सर हळू आवाजात म्हणाले, “पोवार, मी मुलीचं वाटोळं करू इच्छित नाही. पोलिसात देत नाही. पण एक वर्ष परीक्षेला बसता येणार नाही. तेवढं मला करावंच लागेल.”

“वरीस?” वडील म्हणाले. “वरीस गेलं तर ती परत येत न्हाई साहेब. घरात माझं चालत न्हाई. आमची आई, थोरला भाऊ, समदी वाटच बघत्यात. मी भांडून पाठवलीय तिला.”

माझ्या डोळ्यांपुढं माझी आई आली. खरंच आली, तांदूळ निवडताना. आणि तरी मी गप्प होते.

मग ते माझ्याकडे वळले. मला वाटतं त्या खोलीत मी एकटीच बाई होते म्हणून.

“बाई, तुमी हे चालवताय म्हणं. तुमी सांगा. दुसऱ्या कुणाला करता येती का ही सही?”

टेबलावरच्या काचेखाली वर्षाचं कॅलेंडर होतं. मी त्यातल्या लाल तारखा बघत होते. होळी, गुढीपाडवा. महावीर जयंती मंगळवारी येत होती. अश्लेषा माझ्याकडे बघतेय हे न बघताही कळत होतं.

“सहसा नाही,” मी म्हटलं.

तेवढंच. दोन शब्द. इनामदार सरांनी पेनाचं टोपण काढलं.

“येती की.”

दारापाशी उभे असलेले सुतारमामा बोलले होते. आधी कुणाला कळलंच नाही कोण बोललं ते.

“काय म्हणालास सुतार?” चौगुले सरांनी विचारलं.

“येती म्हटलं सर. तेवीस नंबरवर मेन पासवर्डाची फाइल हाय, ती बंद असाय पायजे. ती सोमवारपासनं उघडी होती. ज्यानं वाचली त्यानं हिचा पासवर्ड बदलला आन् हिच्या नावानं बसला. म्हणून दुपारी हिचा लागंना झाला.” एका दमात बोलून ते थांबले. “माझ्याकडनं ऱ्हायली उघडी. डिस्क मीच बसवली.”

चौगुले सर उभे राहिले. “तुला कुणी सांगितलं होतं त्यात हात घालायला? शिकलायस किती तू? वायरी जोडायचं सोडून हे धंदे? देशिंगकर मॅडमच्या आणि या मुलीच्या आयुष्याशी खेळलास तू, कळतंय का?”

“चुकलं सर.”

“मॅडम, हे खरं आहे?” इनामदार सरांनी मला विचारलं.

दुसऱ्यांदा दार उघडं होतं. मला फक्त “फाइल माझ्याकडून उघडी राहिली” एवढं म्हणायचं होतं. मी म्हटलं, “फाइल उघडी असली तर… तसं होऊ शकतं सर.”

मामांनी माझ्याकडे बघितलं नाही. अश्लेषाचे वडील मात्र त्यांच्याजवळ गेले, त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. रागवावं की आभार मानावेत ते त्यांना समजत नव्हतं बहुतेक. अश्लेषा रडायला लागली. इनामदार सरांनी टोपण परत लावलं आणि म्हणाले, “सुतार, तू आजपासून कामावर यायचं नाहीस. चौकशी होईल.”

खोलीबाहेर पडून मी मामांना शोधलं. मामा स्टोअरमध्ये होते. फडताळातून आपला स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, चष्म्याची डबी पिशवीत भरत होते.

“मामा, तुम्ही असं का केलंत?”

“बाप माणूस उभा होता पुढ्यात. कुणीतरी बोलायला पायजे होतं.”

“पण माझं नाव…”

“ते माझं काम न्हवं.”

त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं. डायरी खिशात आहे का ते चाचपलं.

“मामा, घरी काय सांगणार तुम्ही?”

“काय सांगायचं ते सांगीन. तुमी जावा मॅडम. तिकडं मेन पासवर्ड अजून तोच हाय. कोण काय करंल, काय नेम न्हाई.” आणि मला वाट देऊन, भिंतीला चिकटून ते बाहेर पडले.

मी सर्व्हर रूममध्ये आले, दार लावलं आणि कोरा कागद घेतला. पहिली तीन वाक्यं भराभर झाली. ‘मशीन क्रमांक २३ वरील फाइल सोमवारी मी स्वतः तयार केली व ती माझ्या चुकीमुळे उघडी राहिली. श्री. सुतार यांचा तिच्याशी संबंध नाही. पोवार हिचा पासवर्ड बारा बावन्न वाजता त्याच मशीनवरून बदलला गेल्याची नोंद सोबत जोडत आहे.’ एवढं पुरेसं होतं. मामा सुटत होते, मुलगी सुटत होती, आणि माझ्या पदरी फक्त एक चूक येत होती. माणसाच्या हातून होते. त्यावर सही करून मी उठलेसुद्धा. मग परत बसले. सहीच्या वर जागा उरली होती, तिथं बारीक अक्षरांत लिहिलं, ‘हे मला काल सायंकाळी पाच वाजता समजले होते. आज आपल्यासमोर मी ते लपवले.’

इनामदार सरांकडे थेट गेले नाही. ते काय म्हणतील याची कल्पना होती आणि मी ते ऐकून कागद परत घेईन याचीही. कार्यालयात आवक-जावक बघणाऱ्या लोखंडेबाईंपुढं कागद ठेवला.

“प्राचार्यांना आहे ना? मग आतच द्या की.”

“नंबर टाका बाई. आणि पोच द्या मला.”

त्यांनी शिक्का मारला, वहीत ओळ लिहिली. अकराशे सत्तेचाळीस. पोच घेताना वाचलंही असणार, कारण त्यांचा चेहरा बदलला.

अर्ध्या तासात इनामदार सरांचं बोलावणं आलं. चौगुले सर नव्हते. कागद त्यांच्यापुढं होता.

“हे परत घ्या,” ते म्हणाले. “मुलगी सुटली. सुतारला मेमो देतो, पंधरा दिवसांनी कामावर घेतो. सोमवारी तुमची मुलाखत आहे. संस्थेला हे कळलं तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही.”

“सर, नंबर पडलाय.”

त्यांनी कोपऱ्यातला शिक्का बघितला. बोटानं पुसून बघितल्यासारखं केलं.

“आधी माझ्याकडे यायला हवं होतं तुम्ही.”

“हो सर. कालच.”

त्या दुपारी प्रयोगशाळेला कुलूप लावून मी मुख्य पासवर्ड बदलला, सर्व्हरवर आणि एकेक करून साठ मशीनवर. चौगुले सर दारात खुर्ची टाकून बसले होते, माझ्यावर नजर ठेवायला. मधे एकदा ते म्हणाले, “प्रिंट तुमचीच होती मॅडम. मला तोंडघशी पाडलंत तुम्ही.” मी पुढच्या मशीनवर गेले.

बाकीचं पटापट झालं. बारा बावन्नची नोंद आणि रजिस्टरातली बारा चाळीसची सही शेजारी शेजारी ठेवल्यावर त्या मुलाला बोलावलं. संध्याकाळच्या आत त्यानं कबूल केलं. वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीत अश्लेषानं त्याला हरवलं होतं. फाइल त्याला सहज फिरता फिरता सापडली होती म्हणे. एक वाजता तो उठलाच नव्हता, वेळ तेवढी आधीची टाकली होती. म्हणजे मी आदल्या दिवशी पाच वाजता सांगितलं असतं तर त्या वडिलांना फेरी सोडून यावंच लागलं नसतं.

मामा चौथ्या दिवशी कामावर आले. माझी मुलाखत झाली नाही. महिनाअखेर राजीनामा द्यावा, असं मला तोंडी सांगण्यात आलं. दादा म्हणाला, “झालं ना समाधान?” आईनं मात्र स्थळं पुढं आणली नाहीत.

शेवटच्या आठवड्यात अश्लेषा एकदा जिन्यात भेटली. मी बाजूला झाले. ती दोन पायऱ्या वर गेली आणि वळली.

“मॅडम, बाबांनी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“मी तुमच्याकडेच बघत होते.”

“माहीत आहे.”

वरून कुणीतरी हाक मारली आणि ती गेली.

नवा माणूस मिळाला नव्हता. मुख्य पासवर्ड कुणाच्या हाती द्यायचा हा प्रश्न शेवटच्या दिवसापर्यंत लोंबकळत राहिला. मग इनामदार सरांनीच मामांचं नाव घेतलं. चौगुले सर म्हणाले, “आयटीआय?” इनामदार सर म्हणाले, “हो, आयटीआय.”

दुपारी मी मामांना सर्व्हरपुढं बसवलं. एसी अजून गळत होता. ते खुर्चीच्या कडेवर बसले, चष्मा लावला, डायरी काढून मांडीवर ठेवली.

“आज्ञा अशी लिहा. आता तो नवा पासवर्ड विचारेल. दोनदा टाकायचा.”

“काय टाकू?”

“ते तुम्ही ठरवायचं. मला कळता कामा नये.”

त्यांनी मान हलवली. बोटं कळांवर ठेवली आणि थांबले. मी अजून त्यांच्या खांद्यापाशीच उभी होते. त्यांनी मागं वळून बघितलं, बोटं तशीच कळांवर. मग माझ्या लक्षात आलं. मी खिडकीकडे गेले आणि पाठ केली.

बाहेर माळावर ऊन होतं, बसथांब्यावर पाच-सहा मुलं उभी होती. मागं कळा वाजत होत्या, एकेक, सावकाश, एका बोटानं. माझ्याही नकळत मी मोजायला लागले होते. चार, पाच, सहा. नको म्हटलं तरी मोजत होते. शेवटी मी खिडकीचा खिट्टा उगाच वर-खाली करायला लागले, आवाज व्हावा म्हणून.

“झालं,” मामा म्हणाले.

मशीनवरच्या साठ फाइली उद्या ते एकटे बदलणार होते. मी पर्स घेतली, माझी वही टेबलावर त्यांच्यासाठी ठेवली. दारापर्यंत गेले आणि सवयीनं विचारलं, “मामा, त्या डायरीत नाही ना लिहून ठेवलात?”

त्यांनी चष्मा काढला, डबीत ठेवला, डबी मिटली.

“ते आता तुमी इचारायचं न्हाई, मॅडम,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मग उठून बादली बघायला गेले.